गेरूतील वीज आणि बाजाराचा हिशेब

बॅटरीसंबंधी नव्या संशोधनाची वार्ता आली की ‘तिप्पट वीज साठविणारा पदार्थ’ हे शब्द तिच्यात बहुधा असतातच. तिप्पट म्हणजे कशाच्या तिप्पट, आणि ती कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. धातूंच्या ऑक्साइडांचा गेल्या पाव शतकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ. स. 2000 मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथील ज्याँ-मारी तारास्काँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण ऋणाग्र म्हणून वापरल्यास दर ग्रॅममागे सुमारे 700 मिलिअँपिअर-तास इतका विद्युत्‌भार साठविता येतो, असा तो होता. प्रचलित ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा 372 आहे. ग्रॅफाइटमध्ये लिथियमचे आयन थरांच्या फटींत पाहुण्यासारखे येऊन राहतात व घराला धक्का न लावता निघून जातात. ऑक्साइडात मात्र घरच मोडले जाते. लिथियम ऑक्सिजन आपल्याकडे ओढून घेते आणि सुटा झालेला धातू काही नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपाने त्यातच विखुरतो. एकदा तयार झालेले लिथियम-ऑक्साइड पुन्हा मोडत नाही, अशी तोवरची समजूत होती. कण इतके बारीक असतील तर ते मोडते व घर पुन्हा उभे राहते, हे या प्रयोगांनी दाखविले. गेरूला तांबडा रंग देणारे लोह-ऑक्साइड घेतले तर सैद्धांतिक आकडा हजारापर्यंत जातो. आणि लोखंडाइतका स्वस्त धातू दुसरा कोणता?

तथापि बाजाराचा हिशेब दर ग्रॅमवर संपत नाही. ही ऑक्साइडे भरताना आणि रिकामी होताना त्यांच्या विद्युत्‌दाबांत सुमारे एका व्होल्टची तफावत पडते. म्हणजे घातलेल्या विजेतील मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. शिवाय पहिल्याच फेरीत बरेचसे लिथियम कायमचे अडकून पडते. ही एक प्रकारची पागडीच होय, आणि ती भरावी लागते धनाग्रातील महागड्या लिथियमातून. त्यातच अतिसूक्ष्म भुकटी फुगीर असते. किलोभर तांदूळ ज्या पिशवीत मावतात, तीत किलोभर चुरमुरे मावत नाहीत, हे कोणतीही गृहिणी सांगेल. मोटारीत तर वजनाइतकीच जागेलाही किंमत असते.

याहून मूलभूत आक्षेप वेगळाच आहे. ऑक्साइडाने हटवावयाचे ते ग्रॅफाइट, म्हणजे बॅटरीतील तुलनेने स्वस्त द्रव्य. खर्चाचा मोठा भाग धनाग्राकडे असतो. 1980 मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आलेले लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइड 1991 मध्ये सोनीच्या बॅटरीत बाजारात आले. (या शोधातून गुडइनफ यांना स्वामित्वधन मिळाले नाही, नोबेल पारितोषिक मिळाले ते 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी.) त्यातील कोबाल्टचे जागतिक खाणउत्पादन अलीकडच्या वर्षांत दोन-तृतीयांशाहून अधिक प्रमाणात एकट्या काँगोतून होत आले आहे, आणि तेथील हातखाणींत मुलेही राबतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 मध्ये जगापुढे मांडले. ऋणाग्रातील कितीही चमत्काराने या मुलांचे ओझे हलके होत नाही.

ते हलके करण्याची वाट कमी दिमाखाच्या पदार्थांतून जाते. गुडइनफ यांच्याच गटाने 1997 मध्ये सुचविलेले लिथियम-लोह-फॉस्फेट (ते ऑक्साइड नव्हे, हे खरे) कोबाल्ट मागत नाही. मुळात ते वीज नीट वाहून नेत नव्हते. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यावरच ते कामाला आले, आणि आज ते असंख्य मोटारींत आहे. तोशिबाने 2008 मध्ये बाजारात आणलेल्या बॅटरीचे लिथियम-टायटॅनियम-ऑक्साइड तर साठ्याच्या बाबतीत ग्रॅफाइटच्या निम्म्याहूनही कमी, केवळ 175 चे. परंतु भरताना त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, ते झपाट्याने भरते आणि हजारो फेऱ्या टिकते. दिवसभर धावणाऱ्या बसचा मालक एका ग्रॅममागचा आकडा पाहत नाही. बस किती वेळ उभी राहिली आणि बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागली, एवढेच तो पाहतो.