शेवटून पहिली

ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू मॅगझिन’ या नियतकालिकाने २००९ मध्ये आपल्या वाचकांकडून ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेच्या तोवर प्रसारित झालेल्या २०० कथांना गुण देवविले. त्या गुणांवरून जी क्रमवारी लागली तिच्यात पहिल्या स्थानावर ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ आणि दोनशेव्या स्थानावर ‘द ट्विन डायलेमा’ ही कथा आली. क्रमवारीत एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर पडलेल्या या दोन कथा प्रक्षेपणाच्या दृष्टीने मात्र सख्ख्या शेजारणी आहेत : पहिली १६ मार्च १९८४ रोजी संपली आणि दुसरी त्याच महिन्याच्या २२ तारखेला सुरू झाली. निर्माते जॉन नेथन-टर्नर आणि पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड दोन्हींकडे तेच होते; बदलले ते लेखक, दिग्दर्शक आणि नायकाची भूमिका करणारा नट. २०१४ मध्ये हाच प्रयोग २४१ कथांवर झाला, तेव्हा पहिले स्थान आदल्याच वर्षी आलेल्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’ने पटकावले, पण तळाचे स्थान ‘ट्विन डायलेमा’कडून कोणालाही हिरावून घेता आले नाही. उत्तमाविषयीचे मत पाच वर्षांत पालटावे आणि निकृष्टाविषयीचे जागचे हलू नये, ही गोष्ट चाहत्यांच्या निव्वळ हेकटपणावर ढकलून देता येण्याजोगी नाही.

ज्यांना या मालिकेचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा तिचा नायक परग्रहावरील ‘टाइम लॉर्ड’ या जमातीचा असून तो काळात आणि अवकाशात हवे तेथे प्रवास करतो. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल या पहिल्या नटाने मालिका सोडली, तेव्हा मरणाच्या दारात पोहोचलेला डॉक्टर नवे शरीर आणि नवा स्वभाव धारण करतो, अशी तोड निर्मात्यांनी काढली. तिला पुढे ‘रीजनरेशन’, म्हणजे पुनर्जनन, असे नाव मिळाले आणि मालिकेच्या दीर्घायुष्याचे बरेचसे श्रेय तिलाच जाते. जुन्या काळात एक कथा साधारण पंचवीस मिनिटांच्या चार किंवा सहा भागांतून सांगितली जाई. त्यामुळे चाहते ‘सर्वांत वाईट भाग कोणता’ असा वाद घालतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अशी अख्खी कथा असते.

‘अँड्रोझानी’च्या शेवटी पीटर डेव्हिसनने साकारलेला पाचवा डॉक्टर विषबाधेने खंगत चाललेला असतो, उतारा एकालाच पुरेल इतका उरलेला असतो, आणि तो उतारा आपली सहप्रवासी पेरी हिला देऊन डॉक्टर स्वतः मरण पत्करतो. सहा दिवसांनी सुरू झालेल्या पुढच्या कथेत कॉलिन बेकरने साकारलेला सहावा डॉक्टर त्याच पेरीचा गळा आवळतो. पुनर्जननानंतरचा तात्पुरता भ्रम हे त्याचे कारण कथेत दिलेले आहे आणि आधी अप्रिय वाटणारा नायक हळूहळू निवळत जावा हा बेतही निर्मात्यांनी जाणूनबुजून आखलेला होता. बेत मुळातच वाईट होता असे नाही, परंतु तो फळाला येण्यासाठी लागणारा वेळच प्रेक्षकाला मिळाला नाही, कारण नव्या नायकाची पहिली कथा हंगामाच्या अगदी शेवटी ठेवलेली होती आणि ३० मार्चला ती संपल्यावर पुढची कथा थेट ५ जानेवारी १९८५ रोजी आली. नऊ महिने लोकांच्या मनात राहिला तो अंगभर ठिगळांसारख्या भडक रंगांचा कोट घातलेला, उर्मट आणि मैत्रिणीवर हात टाकणारा डॉक्टर. कथेतला खलनायक एक राक्षसी गोगलगाय आहे आणि तिचा पोशाख हास्यास्पद आहे, हे खरे. पण तेवढ्यासाठी कोणी दोनशेव्या क्रमांकाला जात नाही.

त्याचा पुरावा याच क्रमवारीच्या वरच्या टोकाला सापडतो. २००९ च्या मतदानात चौथ्या आलेल्या ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ या १९७७ च्या कथेत लंडनच्या गटारांत एक महाकाय उंदीर वावरतो, आणि तो उंदीर म्हणजे लोकरीची रजाई पांघरलेला माणूस असावा, अशी शंका लहान मुलालाही येते. १९७४ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द डायनोसॉर्स’मधील डायनोसॉर इतके केविलवाणे आहेत, की चाहते त्यांच्याविषयी घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल बोलावे तसे बोलतात. तुटपुंजा खर्च, डुगडुगणाऱ्या भिंती आणि रबरी प्राणी हे या मालिकेच्या प्रेक्षकाने केव्हाच पदरात घेतलेले आहे. दारिद्र्य क्षम्य ठरते, स्वभावातला घात ठरत नाही. ‘टॅलन्स’विषयी आज जो वाद होतो त्याचेही मूळ उंदरात नाही : तिच्यातील चिनी जादूगाराचे काम जॉन बेनेट या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग लावून केले आहे आणि चिनी माणसांचे चित्रण व्हिक्टोरियन काळातील भयकथांच्या साच्यातले आहे, हा आक्षेप आता अनेक चाहत्यांना संवादांच्या चमकदारपणापेक्षा जड वाटू लागला आहे.

निकृष्टतेची कीर्ती नेहमीच पाहून ठरलेली असते असेही नाही. अमेरिकेतील काउबॉयांच्या काळात घडणारी ‘द गनफायटर्स’ ही १९६६ ची कथा कित्येक वर्षे मालिकेतील सर्वांत वाईट कथा म्हणून ओळखली गेली आणि तिला सर्वांत कमी प्रेक्षक लाभले, असे विधान एकाचे पाहून दुसऱ्याने करावे तसे सर्रास होत राहिले. ते चुकीचे होते, कारण तिच्या पाठोपाठच्या कथेचे प्रेक्षक तिच्याहूनही कमी होते. नीचांक होता तो वेगळ्या गोष्टीचा. बीबीसी निवडक प्रेक्षकांना कार्यक्रम कितपत आवडला ते विचारून शंभरपैकी एक ‘पसंती निर्देशांक’ काढत असे आणि ‘गनफायटर्स’च्या अखेरच्या भागाला तो केवळ ३० मिळाला होता. जुन्या कथांचे पुनःप्रक्षेपण विरळ होते, त्या व्हिडिओ कॅसेटवर यायला १९८३ मध्ये कुठे सुरुवात झाली आणि ही कथा कॅसेटवर यायला तर २००२ उजाडले. मधल्या काळातील तरुण चाहत्यांनी तिला नावे ठेवली ती वाडवडिलांनी ठेवली म्हणून. प्रत्यक्ष पाहिल्यावर अनेकांच्या लक्षात आले, की दाढदुखीने बेजार झालेल्या डॉक्टरची ही गोष्ट मुळात प्रहसन आहे आणि प्रहसन म्हणून ती बरीच जमलेली आहे.

याहून चमत्कारिक अवस्था हरवलेल्या कथांची आहे. चित्रफिती महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांना पुढे काही किंमत येईल ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे बीबीसीने १९६० च्या दशकातील अनेक भाग पुसून टाकले किंवा नष्ट केले. त्यांचे आवाज तेवढे घरोघरी टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करणाऱ्या प्रेक्षकांमुळे वाचले. १९६९ च्या ‘द स्पेस पायरेट्स’च्या सहा भागांपैकी एकच उपलब्ध आहे, तरी ती कंटाळवाणी म्हणून तळाच्या जागांत नेमाने बसते. उलट, ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे हरवलेले भाग नायजेरियात सापडून २०१३ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा दुय्यम मानली गेलेली ही कथा एका रात्रीत मानाच्या पंगतीला आली. पॅट्रिक ट्रॉटनने तिच्यात नायक आणि खलनायक अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि ती करामत नुसती ऐकून कळण्यासारखी नव्हती.

‘किंडा’ या १९८२ च्या कथेचे उदाहरण मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. ख्रिस्टोफर बेली या लेखकाने तिच्यातील पात्रांना दुक्ख, अनिच्च, अनत्ता, पञ्ञा, करुणा अशी पाली नावे दिली आणि मनात शिरून माणसाला भुलवणाऱ्या दुष्ट शक्तीला ‘मार’ म्हटले. बुद्धचरित्र ठाऊक असणाऱ्या वाचकाला जे नाव वाचताक्षणी उमगेल ते तेव्हाच्या बहुसंख्य ब्रिटिश प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेले, आणि शेवटी प्रकट होणारा मार हा फुगवलेल्या रबरी सापासारखा दिसल्याने उरलीसुरली भीतीही मावळली. जॉन टुलॉक आणि मॅन्युएल अल्व्हाराडो यांनी मालिकेवरील आपल्या १९८३ च्या अभ्यासग्रंथात मात्र याच कथेच्या निर्मितीची बारकाईने छाननी केली. पुढे तिची गणना विचारप्रवर्तक कथांत होऊ लागली आणि २०११ च्या डीव्हीडीत रबरी सापाऐवजी संगणकावर केलेला साप पाहण्याची सोय झाली. हा उपचार काहीसा अनावश्यकच म्हणायचा, कारण साप सुधारण्याच्या आधीच कथा सुधारलेली होती.

लेखकाच्या नावावरून निवाडा करू पाहणाऱ्याची तर पुरती फजिती होते. ‘अँड्रोझानी’ आणि ‘टॅलन्स’ लिहिणारे रॉबर्ट होम्स हेच ‘स्पेस पायरेट्स’चेही लेखक आहेत. १९७६ मध्ये त्यांनी ‘द डेडली असॅसिन’ लिहिली, तेव्हा तोवर गूढ आणि देवतुल्य वाटणारे टाइम लॉर्ड तिच्यात म्हातारे, कारस्थानी आणि सरकारी कारकुनांसारखे दिसल्यामुळे ‘डॉक्टर हू अॅप्रिसिएशन सोसायटी’ या त्याच वर्षी स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मालिकेची जादूच नष्ट झाल्याची कडक टीका केली. आज ती कथा अभिजात गणली जाते, आणि टाइम लॉर्डला बाराच वेळा पुनर्जनन करता येते हा तिच्यात सहज येऊन गेलेला नियम चाहत्यांनी धर्मवचनासारखा जपला.

डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात त्याच संघटनेच्या लिव्हरपूल शाखेचा एक किशोरवयीन चाहता त्या हंगामाच्या लेखकांसमोर बसून कथा याहून चांगली लिहिता आली असती, असे त्यांच्या तोंडावर सांगत होता. त्याचे नाव ख्रिस चिबनल. २०१८ ते २०२२ या काळात मालिकेचा प्रमुख लेखक तोच होता, आणि १ मार्च २०२० रोजी प्रसारित झालेल्या त्याच्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ने डॉक्टरचा जन्म टाइम लॉर्डांच्या ग्रहावर झालाच नव्हता आणि पुनर्जननाची बाराची मर्यादाही त्यांनी नंतर घातलेली होती, असे दाखवले, तेव्हा चाहत्यांत उभी फूट पडली. १९७६ मध्ये ज्या कथेने मालिकेचा इतिहास मोडला म्हणून ओरड झाली होती, तिनेच घडवलेला इतिहास मोडल्याची ही नवी ओरड होती.