दोन दिवसांच्या सुट्टीसाठी जुने गाव कसे निवडावे?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने सहलीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आजचा विषय तोच आहे. शनिवार-रविवार मोकळा आहे, एखाद्या ऐतिहासिक गावी दोन दिवस जाऊन यायचे आहे, तर गाव निवडायचे कसे? निवड म्हटली की निकष आला, आणि निकष ठरवायचा तर 'ऐतिहासिक' म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. इथे तत्त्वज्ञानाचे थोडे काम आहे.

उदाहरणे आपण घरचीच घेऊ, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतली. सुट्टी मिळाली की खानदेशातली माणसे महाबळेश्वर गाठतात, नाहीतर सापुतारा. शेजारच्या तालुक्याच्या गावी मात्र आपण जातो ते लग्नाला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर कापूस घेऊन. ते गाव बघायचेही असते, हे आपल्या डोक्यात येतच नाही.

'इतिहास' हा शब्द फोडून बघा. इति-ह-आस. असे असे खरोखर होते. यातला 'ह', म्हणजे 'खरोखर', महत्त्वाचा. कारण खरोखर म्हटले की साक्ष लागते. यावरून गाव निवडताना तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, इथे काय घडले आणि ते कशावरून? दुसरा, त्यातले आज काही चालू आहे का? आणि तिसरा, अगदी व्यवहाराचा: ते दोन दिवसांत, शक्यतो पायी, बघून होते का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. एरंडोल घ्या. ही महाभारतातली एकचक्रानगरी, असे लोक सांगतात. तिथल्या एका जुन्या वास्तूला पांडववाडा म्हणतात, आणि भीमाने बकासुराला मारले ते जवळच्या पद्मालय परिसरात, असेही सांगतात. हे सगळे ऐकावे, आवडीने ऐकावे. मात्र दंतकथा ही दंतकथा म्हणून ऐकायची. लोकांनी काय मानले, याची ती उत्तम साक्ष आहे. काय घडले, याची साक्ष वेगळी शोधावी लागते. हा फरक मुलांना एरंडोलच्या रस्त्यावर उभे राहून जितका समजेल, तितका वर्गात समजणार नाही.

आता याच्या उलट टोक. चाळीसगावजवळचे पाटण. आपण देवीला जातो, नवस फेडतो आणि परत येतो. पण तिथला शिलालेख बघा काय सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सत्ताधीशांनी त्याला दान दिले. लेख 13व्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालावरचे उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे आज जिथे डोंगर आणि झाडी दिसते, तिथे बाजार भरत होता! साक्ष पक्की आहे. पण गाव गेले. थाळनेरचेही थोडेफार तसेच. तापीकाठचे हे गाव फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तिथे आहेत. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली. 1818 मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉप याने थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिले. घडले खूप, राहिले थोडे. अशा जागा अर्ध्या दिवसाच्या. तिथे जरूर जावे, पण मुक्काम दुसरीकडे करावा.

पारोळ्यात उलटा अनुभव येतो. गावाच्या मधोमध भुईकोट किल्ला, 1727 चा, भोवती खंदक. बघायला चढावे लागत नाही, म्हातारी माणसे बरोबर असली तरी चालते. पण किल्ला बघून झाला की दुपारपर्यंत तुम्ही बसस्टँडवर.

मग दोन दिवस पुरतील असे गाव कोणते? आमच्या मते दोन नावे पुढे येतात.

एक अमळनेर. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांचे संस्थान. वैशाखात एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. वारकरी परंपरेचा हा धागा आजही तुटलेला नाही. त्याच गावात 1916 मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. गिरणीच्या मालकाने वेदान्ताच्या अभ्यासाला पैसा दिला, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ संचालक म्हणून इथे येऊन राहिला. साने गुरुजी याच मंदिरात शिकले आणि 1924 ते 1930 गावातल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. आज जगभर माहीत असलेली विप्रो कंपनी 1945 मध्ये सुरू झाली ती इथेच, वनस्पती तूप काढण्यासाठी. साहित्य संमेलन इथे 1952 मध्ये भरले, पुन्हा 2024 मध्ये भरले. देऊळ, गिरणी, शाळा, तत्त्वज्ञान, सगळे एका लहान गावात. हे एकत्र कसे आले, याचा विचार करत फिरलात तर दोन दिवस कमी पडतील.

दुसरे नाव ऐकून काही जण हसतील: धुळे. आग्रा रोडवरचे, गाडीत डिझेल भरून पुढे जायचे गाव! पण बघा. 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने मुख्य ठाणे धुळ्याला आणले, कारण ते मोठ्या रस्त्यावर आणि मुलखाच्या मध्यावर होते. व्यापारी-कारागीर वसवले, सरळ गल्ल्यांची पेठ आखली. धुळ्यात आजही पत्ता सांगताना 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असे सांगतात. आता जुन्या धुळ्यात जा, तिथल्या वळणाच्या बोळांतून चाला, आणि मग या सरळ गल्ल्यांत या. राज्य बदलले म्हणजे काय झाले, ते पायांना कळते. इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये लोक जुन्या तटावरून फिरतात आणि रोमन काळापासूनचे थर पाहतात. तिथे जागोजागी पाट्या लावलेल्या असतात. आपल्याकडे पाटी नाही, म्हणून विचारत फिरावे लागते, एवढाच फरक.

धुळ्याची दुसरी श्रीमंती कागदाची. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागत पडलेली दप्तरे त्यांनी गोळा केली, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' 22 खंडांत छापली. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी उभे राहिले. ते आजही आहे. रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही याच गावात, शंकरराव देवांनी उभारलेले. आणि धुळ्याचा तुरुंग. 1932 मध्ये तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि अमळनेरचे ते मास्तर, साने गुरुजी, ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' अशी तयार झाली. तुम्ही आता वाचता आहात ते बोललेले शब्द कोणीतरी लिहून घेतलेले आहेत; त्या परंपरेतले मोठे पुस्तक धुळ्यातले आहे.

दुसऱ्या दिवशी पांझरेच्या वरच्या अंगाला जा. तिथे जुने बंधारे आणि फड पद्धत बघायला मिळते. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, शेतीचे तीन-चार फड पाडलेले असतात, एका फडात त्या हंगामाला एकच पीक, आणि पाणी वाटणारा पाटकरी गावाने नेमलेला. कित्येक पिढ्या चालत आलेली ही व्यवस्था काही ठिकाणी अजून टिकून आहे. आपला दुसरा प्रश्न होता तो हाच: जुने काही चालू आहे का?

आता व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिल-मे टाळा, खानदेशातले ऊन वाड्याच्या भिंतीलासुद्धा सोसत नाही. अपवाद अमळनेरच्या रथाचा, तेव्हा पहाटे आणि सांजेला फिरा. कार्तिक ते माघ उत्तम, भरीत-भाकरीही तेव्हाचीच. संग्रहालय किंवा हस्तलिखिते बघायची असतील तर आधी फोन करून वेळ विचारा. रविवारी दार बंद मिळाले तर अर्धी सहल वाया जाते. म्हणून शनिवारी संस्था, रविवारी गल्ल्या आणि नदी. अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेवर आहे. धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावहून फाटा आहे.

धुळे की अमळनेर, असे विचाराल, तर राज्य कसे चालते हे ज्याला कळून घ्यायचे त्याने धुळे निवडावे, आणि विचार व संस्था गावात रुजतात कशा हे बघायचे त्याने अमळनेर. प्रश्न आधी ठरवा, गाव आपोआप ठरेल. आणि हे लवकर करा. राजवाड्यांच्या काळी दप्तरे वाळवी खात होती. आता वाडेच पाडले जातात, सागवानी खांब विकले जातात आणि कागद रद्दीत जातात. पाहुणा येऊन 'हे कधीचे हो, काका?' असे विचारू लागला, की घरमालकही विकण्याआधी एकदा विचार करतो. तुम्ही जाल त्या गावी एवढा एक प्रश्न तरी विचारा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.