दात्याच्या मूत्रपिंडातील खडा

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाचे मूत्रपिंड काढून ते त्याच्या आजारी जुळ्या भावाच्या शरीरात बसविले, आणि तो रोगी बरा झाला. आपल्या देशात वेल्लोर येथे १९७१ साली ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. निसर्गाने मनुष्यास मूत्रपिंडे दोन दिली असली, तरी एकावरही त्याचे जीवन सुरळीत चालते. या दानाचा पाया हाच होय. परंतु दात्याच्याच मूत्रपिंडात खडा आढळला तर काय करावे?

दानापूर्वी दात्याची सी. टी. तपासणी होते. ज्यास कधीही कळ आलेली नाही, अशा माणसाच्या मूत्रपिंडातही तीत कधीकधी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा दिसतो. लघवीतील कॅल्शियम व ऑक्झॅलेट यांचे प्रमाण वाढले, की त्यांचे स्फटिक बनतात. बहुतेक खडे याच स्फटिकांचे असतात.

दोन मूत्रपिंडांच्या माणसाची एक मूत्रवाहिनी खड्याने अडली, तरी दुसरी बाजू रक्त शुद्ध करीत राहते. एकच मूत्रपिंड उरलेल्या दात्याची मात्र लघवीच बंद पडू शकते. म्हणून चोवीस तासांची लघवी जमवून तीत कॅल्शियम, ऑक्झॅलेट, युरिक आम्ल व सायट्रेट मोजतात आणि खड्याचे कारण शोधतात. दोन्ही बाजूंस अनेक खडे असतील, अथवा ते वारंवार होण्याचा आनुवंशिक दोष असेल, तर सहसा दान स्वीकारीत नाहीत.

खडा लहान व एकाच बाजूस असेल, तर सामान्यतः तेच मूत्रपिंड काढून घेतात. कारण निर्दोष मूत्रपिंड दात्यापाशी राहिले पाहिजे. काढलेले मूत्रपिंड बर्फासारख्या थंड द्रावणात ठेवतात, मूत्रवाहिनीतून बारीक दुर्बीण आत घालतात आणि तारेच्या इवल्या जाळीत खडा धरून बाहेर काढतात. मोठा खडा लेसर किरणांनी फोडतात. अगदी बारीक खडा कधी तसाच ठेवतात; मात्र त्यावर लक्ष ठेवावे लागते. प्रतिरोपित मूत्रपिंडाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने, तेथे खडा अडला तरी रोग्यास कळ जाणवेलच असे नाही.

दानानंतर दात्याने दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे व मीठ बेताने खावे. दूध मात्र सोडू नये, कारण अन्नातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. दाता हा रोगी नव्हे. दानामुळे तो रोगी होऊ नये, हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य आहे.