ऑपरेशन झाले, डोळा साफ झाला. मग पोरीला दिसत का नाही?

भोंगवलीच्या बाजूला एका वस्तीत आम्ही महिला बचत गटाच्या कामासाठी जातो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तिथल्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि एक आजी आमच्यापाशी येऊन बसल्या. नात बरोबर होती, सात वर्षांची. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुण्याला नेऊन दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले, भिंग बसवले, चष्मा मिळाला. महिना उलटून गेला होता.

आजी म्हणाल्या, "ताई, डाक्टर म्हनले डोळा साफ झाला. आता दिसंल. पर ही अजून दाराला धडकती. मी समोर हुबी असले तरी हाक मारल्याबिगर वळखत न्हाई. भाकरी पुढ्यात ठिवली तरी हातानं चाचपती. आमाला फसवलं का काय?"

कोणी फसवले नव्हते. ऑपरेशन चांगले झाले होते. पण ऑपरेशननंतर काय होणार हे त्या घराला कोणी सांगितलेच नव्हते. सुटीच्या कागदावर थेंबांच्या वेळा होत्या, पुढच्या तपासणीची तारीख होती, एवढेच. आजीचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, वाचले, माहीतगारांना विचारले. विहारांमधून आणि मोहल्ल्यांमधून नेत्रतपासणी शिबिरे भरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे ठाऊक असायला हवे, म्हणून इथे मांडत आहोत.

आपण समजतो की डोळा पाहतो. डोळ्यासमोर चित्र येते, ते आत जाते, झाले. खरे तर डोळा फक्त उजेड गोळा करतो. बाहुलीतून आत आलेला उजेड भिंगातून मागच्या पडद्यावर पडतो, आणि तोही उलटा. पडद्यावर बारा कोटींच्या आसपास पेशी उजेडाची नोंद घेतात. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे आहेत दहा-बारा लाख. म्हणजे पडद्यावरच निवड सुरू होते. कडा कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हलले, एवढे वेचून पुढे पाठवले जाते. ही नस मेंदूच्या मधल्या एका ठाण्यावर थांबे घेत डोक्याच्या पार मागच्या भागात पोहोचते. मानेच्या वर, जिथे आपण उशी टेकतो, तिथे. दिसण्याचे खरे काम तिथून सुरू होते. एक भाग रेषांचा कल ओळखतो, पुढचे भाग रंग, हालचाल, चेहरा, अंतर.

विश्वास बसत नसेल तर एक गंमत करून पाहा. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे एकमेकांना लावून उभे करा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर त्या अंगठ्याचे टोक गायब होईल. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. प्रत्येक डोळ्यात असे एक भोक आहे, आणि आयुष्यभर आपल्याला ते दिसत नाही, कारण आजूबाजूचे पाहून मेंदू ते भरून काढतो. शिबिरात आम्ही हे करून दाखवतो तेव्हा म्हातारी माणसेसुद्धा पोरांसारखी हसतात.

आता मुद्दा असा की मेंदूला हे काम जन्मतः पूर्ण येत नाही. ते तो शिकतो, आणि शिकण्याचा त्याचा एक हंगाम असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग केले. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एक डोळा बंद ठेवला आणि नंतर उघडला. डोळा ठणठणीत, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दादच देत नव्हत्या. तिथली जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून जास्त काळ बंद ठेवला तरी असे काही होत नव्हते. प्रयोग क्रूर होते, ते वाचताना आम्हाला बरे वाटले नाही. पण लहान मुलांच्या डोळ्यांची तातडी जगाला कळली ती त्यातूनच. 1981 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. 'आळशी डोळा' म्हणून आपण ज्याला ओळखतो, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावतो, त्या उपचारामागे हेच ज्ञान आहे.

म्हणजे वयाच्या साठीत मोतीबिंदू काढलेल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी पेपर वाचता येतो, कारण त्यांच्या मेंदूला पाहणे आधीच येत होते, मध्ये फक्त काच धुरकट झाली होती. पोरीचे तसे नव्हते. तिच्या मेंदूला पाहण्याची भाषाच कधी ऐकू आली नव्हती. सात वर्षांनी खिडकी उघडली, पण बाहेर जे चालले होते ते तिच्यासाठी परक्या मुलखातल्या बोलीसारखे होते.

मग सात वर्षांनी उघडून उपयोग काय? पूर्वी बरेच डॉक्टर असेच म्हणत. सात-आठ वर्षांनंतर काही होणार नाही, ऑपरेशनचा खर्च वाया. या समजुतीला धक्का दिला तो भारतातल्या मुलांनीच. पवन सिन्हा हे मूळचे दिल्लीचे, अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक. 2002 च्या सुमारास दिल्लीत रस्त्यावर भीक मागणारी अंध मुले त्यांनी पाहिली. त्यातल्या काहींचे अंधत्व ऑपरेशनने जाण्यासारखे होते. त्यातून 'प्रोजेक्ट प्रकाश' उभा राहिला. उत्तर भारतातल्या खेड्यांतली मुले शोधायची, दिल्लीच्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात ऑपरेशन करायचे, आणि नंतर ती मुले पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा.

त्यातला एक प्रयोग आपल्या वाचकांना खास जवळचा वाटेल. जन्मांध माणसे आणि हत्ती ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. ती उदान या पाली ग्रंथात आहे. श्रावस्तीचा राजा जन्मांधांना बोलावतो, हत्ती चाचपायला लावतो, ज्याच्या हाताला जे लागले तोच त्याचा हत्ती. ती गोष्ट मतांच्या भांडणाविषयी आहे हे खरे. पण समजा त्याच संध्याकाळी त्या माणसांना दृष्टी मिळाली आणि तोच हत्ती दूर उभा केला, तर हात न लावता त्यांना तो ओळखता येईल का? जवळजवळ हाच प्रश्न 1688 मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारला होता, हत्तीऐवजी गोळा आणि घन घेऊन. मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती. पुढे तीनशे वर्षे पंडित त्यावर वाद घालत राहिले.

प्रोजेक्ट प्रकाशने 2011 मध्ये उत्तर छापले. 8 ते 17 वयाची पाच मुले, ऑपरेशन नुकतेच झालेले. लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखे आकार. डोळ्याने पाहिलेला आकार डोळ्याने ओळखा: दहापैकी नऊहून अधिक वेळा बरोबर. हाताने चाचपलेला हाताने ओळखा: जवळजवळ नेहमी बरोबर. पण हाताने चाचपलेला आता डोळ्याने ओळखा म्हटल्यावर उत्तरे नाणे उडवल्यासारखी. हात आणि डोळा यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. आणि आमच्या मते खरी बातमी पुढे आहे: काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा तीच मुले बरीच सुधारली होती. कोणी शिकवले नव्हते. घरात वावरताना, वस्तू हातात घेऊन बघताना ती ओळख आपोआप होत गेली.

आजीची नात भाकरी चाचपत होती ती याच कारणाने. तिला पिवळट गोल काहीतरी दिसत होते. ती भाकरी आहे हे हाताला माहीत होते, डोळ्याला नव्हते.

याच अभ्यासातून कळलेली आणखी एक गोष्ट घरच्यांच्या कामाची आहे. नव्याने पाहू लागलेल्या माणसाला चित्राचे तुकडे दिसतात. चेंडूवर सावली पडली की त्याला एक चेंडू न दिसता दोन-तीन वेगळे आकार दिसतात. सावली कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते हे कळत नाही, म्हणून पायरी आणि पायरीची सावली सारखीच. पण वस्तू हलवली की तिचे तुकडे एकत्र येतात आणि 'ही एक वस्तू' असे कळते. म्हणून आम्ही आजींना सांगितले: पेला नुसता समोर ठेवू नका, हलवून दाखवा, नाव सांगा, मग हातात द्या. तुम्ही समोर आलात की आधी हाक मारा, मग चेहरा दाखवा. लुगडे दोन-चार दिवस एकाच रंगाचे नेसा. चष्मा रोज लावा. बसवलेले भिंग जवळ-दूर जुळवून घेत नाही, त्यामुळे चष्म्याशिवाय ऑपरेशन अर्धेच राहते. दोन डोळ्यांत एक कमजोर असेल तर डॉक्टर सांगतील तितके तास पट्टी.

किती दिसेल? पूर्ण नाही, हे आम्ही आजींना स्पष्ट सांगितले. इतक्या उशिरा ऑपरेशन झालेल्या बहुतेक मुलांची बारीक दिसण्याची ताकद कमीच राहते, डोळे सतत थरथरत राहतात. तरी एका बाईचे उदाहरण सिन्हांच्या गटाने 2006 मध्ये मांडले आहे. तिचे ऑपरेशन बाराव्या वर्षी झाले होते. वीस वर्षांनी तपासली तेव्हा तिची नजर कमजोरच होती, पण वस्तू, चेहरे, रोजचे व्यवहार ती डोळ्याने निभावत होती. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या सिडनी ब्रॅडफर्ड यांना 52 व्या वर्षी बुबुळ बसवून दृष्टी मिळाली. शाळेत बोटांनी चाचपून शिकलेली मोठी अक्षरे त्यांना लगेच वाचता आली. पण जग त्यांना कळकट वाटले, रस्ता ओलांडायची भीती बसली, संध्याकाळी ते दिवा न लावताच बसत. अंध असताना हिमतीने जगणारा माणूस डोळस झाल्यावर खचला आणि 1960 मध्ये गेला. त्यामुळे 'दृष्टी दिली' म्हणून फोटो काढून निघून जाणाऱ्या शिबिरवाल्यांचा आम्हाला राग येतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

आता कडू विषय. ही पोर सात वर्षे का राहिली? बाहुली पांढरी आहे हे आजींना तिसऱ्या महिन्यातच दिसले होते. कोणी म्हणाले मागच्या जन्मीचे पाप. कोणी देवऋषी सुचवला. बौद्ध घरात! आपल्यातही काही जण चक्खुपाल थेरांची अट्ठकथेतली गोष्ट सांगून अंधत्व हे पूर्वकर्माचे फळ म्हणतात. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मागच्या जन्माच्या कर्माने या जन्माची स्थिती ठरते ही कल्पना नाकारली आहे, ती अशाच ठिकाणी आठवायला हवी. जन्मजात मोतीबिंदूची कारणे शोधता येतात. काही वेळा ते आनुवंशिक असते. काही वेळा गरोदरपणात आईला रुबेला झालेला असतो. त्यासाठीच गोवर-रुबेलाची लस आहे, 2018 च्या मोहिमेत काही पालकांनी पोरांना शाळेत पाठवले नव्हते ती. जवळच्या नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न केल्याने आनुवंशिक दोष उतरण्याचा संभव वाढतो, हे आपल्या समाजातही मोकळेपणाने बोलले जात नाही.

दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाचे ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन-अडीच महिन्यांत व्हावे असे डॉक्टर सांगतात. वर्षे नव्हेत, आठवडे मोजायचे. बाहुली पांढरी दिसणे हे कधी कधी डोळ्याच्या कर्करोगाचेही लक्षण असते, म्हणून तर थांबायचेच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीत आहे. पथक आले त्या दिवशी पोर ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेले असते, किंवा 'आंधळे आहे, दाखवून काय उपयोग' म्हणून घरात ठेवलेले असते. ही नोंद आशाताईंबरोबर आपल्या विहाराच्या महिला मंडळानेही ठेवायला काय हरकत आहे?

ज्यांचा पडदा किंवा नसच गेली आहे त्यांच्यासाठी परदेशात प्रयत्न सुरू आहेत. एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर जनुक-उपचाराला अमेरिकेत 2017 मध्ये परवानगी मिळाली. 2021 मध्ये पॅरिसमध्ये 58 वर्षांच्या एका अंध गृहस्थाच्या पडद्यातल्या उरलेल्या पेशींना उजेड टिपायला शिकवले गेले. खास चष्मा लावून ते टेबलावरची वस्तू शोधू शकले. पडद्यावर बसवायची एक विद्युत चकती मात्र कंपनीने मध्येच बंद केली आणि ज्यांच्या डोळ्यात ती आधीच बसली होती ते लोक वाऱ्यावर राहिले. हे सांगतो कारण 'स्टेम सेलने हमखास नजर' म्हणून लाखो रुपये मागणारे आपल्याकडेही फिरतात. जमीन विकून तिकडे जाऊ नका. ज्यांना दिसणार नाही त्यांच्यासाठी दिव्यांग कार्ड, ब्रेल, शाळा आणि 2016 च्या कायद्याने दिलेले 4 टक्के आरक्षण आहे. अंधांसाठी काम करणाऱ्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने पुण्यात हडपसरजवळ देसाई नेत्र रुग्णालय उभे केले, यातच बरेच काही आले.

नात आता आठ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने आमच्या ओढणीचा रंग बरोबर सांगितला, हाक न मारता आजीला ओळखले, पाटीवर मोठा 'अ' काढून दाखवला. विहाराच्या पायऱ्या उतरताना मात्र तिने डोळे घट्ट मिटले आणि पायाने चाचपत खाली आली. आजी म्हणाल्या, "उतरताना तिला अजून डोळ्यावर इस्वास न्हाई."