एक जुळं आजारी, दुसरं ठणठणीत

हुबेहूब जुळी भावंडं. जनुकं तीच, तरी एकालाच मल्टिपल स्क्लेरोसिस! जर्मनीत अशा 34 जोड्या तपासल्या गेल्या. अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. काही जोड्यांच्या विष्ठेतले जिवाणू शास्त्रज्ञांनी जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडले. या उंदरांना मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मेंदूदाह आपोआप होण्याची प्रवृत्ती जन्मजातच, पण आतड्यात जिवाणू नसतील तर तो होतच नाही. मला तर हेच सगळ्यात थक्क करतं! आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त संख्येने आजारी पडले. (उंदीर म्हणजे माणूस नव्हे, चालू औषधं कृपया थांबवू नका.) निरोगी भावंडाचे जिवाणू मिळालेल्यांच्या रोगप्रतिकारक पेशी मात्र दाह शमवणारं इंटरल्युकिन-10 जास्त बनवत होत्या.