ऑटोपायलट चालू होता, मग वेग कोण बघत होतं?

23 ऑगस्ट 2013. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर उतरायला निघालेलं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. 18 पैकी 4 जण गेले.

ऑटोपायलट चालूच होता. खाली उतरण्याचा दर तो सांभाळत होता. वेग मात्र वैमानिकांनी कलेक्टिव्ह हाताने हलवून राखायचा होता. पॉवर कमी पडली, तसा दर टिकवायला ऑटोपायलट नाक वर उचलत गेला आणि वेग घटत गेला. वैमानिकांच्या ते वेळेत लक्षात आलं नाही.

आता तुमच्या प्रस्तावाकडे या. 'प्रशिक्षणाचे तास' मोजायला सोपे, म्हणून आपण (मीसुद्धा!) तेच पकडतो. पण यंत्राने या क्षणी कोणतं काम आपल्यावर सोडलंय, हे ओळखणं तासांत दिसत नाही. सिम्युलेटरमध्ये वैमानिकाची नजर वेगमापकावर कधी जाते, हे आय-ट्रॅकरने टिपता येतं. मी तिथून सुरुवात करेन.