वाढीव वॉरंटी घेण्याआधी पॅनेलचा भाव विचारा

दसरा-दिवाळीत टीव्हीचं बिल होत असताना काउंटरवरचा मुलगा हमखास विचारतो, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना?" मागे रांग, पोरं घरी जायला उतावीळ. काही हजारांचा निर्णय मिनिटभरात होऊन जातो. एवढी घाई करायचं कारण नाही; अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ही योजना विकतात.

मुळात टीव्हीत बिघडतं काय, ते बघा. आवाज येतो पण पडदा काळा, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर बहुधा बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या आहेत. लाल दिवाही लागत नसेल, तर संशय पॉवर सप्लायच्या बोर्डावर. ही कामं चांगला मेकॅनिक आवाक्यातल्या पैशांत करून देतो. धास्ती घ्यायची ती पॅनेलची. ते गेलं, की दुरुस्तीचा आकडा अनेकदा नव्या टीव्हीच्या निम्म्या किमतीपुढे जातो.

पण छोट्या टीव्हीत हे नुकसानही छोटंच, म्हणून 32 इंची टीव्हीसाठी वाढीव वॉरंटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 55 इंची किंवा ओएलईडी घेत असाल, तर जरूर विचार करा. पण योजना शक्यतो कंपनीचीच हवी आणि तिच्या कागदावर पॅनेलचा उल्लेख हवा. दुकानदार तोंडी काय म्हणाला, याला पुढे कोणी विचारत नाही.

चेंडू लागून फुटलेला पडदा साध्या वाढीव वॉरंटीत बसत नाही. वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून जळालेला टीव्हीही अनेक योजना वगळतात, आणि आपल्याकडे वळवाच्या पावसात नेमकं तेच होतं. ढग गडगडू लागले की प्लग काढा, डिशची वायरही काढा; तिच्यातूनही झटका येतो. शिवाय 'दोन वर्षं' म्हणजे कंपनीचं पहिलं वर्ष धरून की सोडून, हेही लिहून घ्या.

बिल आणि योजनेचा कागद, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. दावा अन्यायाने नाकारला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा; 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.